दोन निखळलेल्या फळ्या आणि फौजी खोके

“अगं, काल तिन्हीसांजेला तुझ्या नवऱ्यानं गाडीतून ते खाकी खोके कसले उतरवले? मला वाटलं फरशा आणल्या की काय.”

आमच्याकडे केटीला, म्हणजे ह्यूस्टनच्या पश्चिमेला, घराघरांना सहा फुटी लाकडी कुंपणं. शेजाऱ्याचं तोंड दिसू नये म्हणूनच केलेली. २०२४च्या जुलैत बेरिल वादळ आलं त्यात आमच्या नि काकूंच्या मधल्या दोन फळ्या निखळल्या. त्या परत ठोकाव्यात असं दोन्ही घरांतल्या पुरुषांना अधूनमधून वाटतं. आम्हा दोघींना वाटत नाही.

“फरशा कुठल्या काकू, जेवण आहे ते. अमेरिकन सैन्याचं. एमआरई.”

“अग्गोबाई! कुठल्या लढाईला निघालाय?”

“वादळाच्या मोसमाची तयारी म्हणे. कोपऱ्यावरच्या भाऊजींनी सहा खोके घेतलेत. त्यांचं बघून यांनी दोन आणले.”

“तरीच! परवा भजनाला त्यांची बायको म्हणत होती, पाहुण्यांच्या खोलीत पलंगाखाली झाडू घालायला जागा उरली नाही. आणि त्या माणसाचं तुला ठाऊक आहे ना? २०२१च्या फेब्रुवारीत इथे गारठा पडला, टेक्सासभर लाखो घरांची वीज गेली, तेव्हा हा जनरेटर शोधत शहरभर फिरला. मिळाला नाही. मग आणला कधी, तर मे महिन्यात. आणि बेरिलमध्ये सगळ्यांची वीज गेली तेव्हा कळलं की तो अजून खोक्यातच आहे, त्यात घालायचं तेलसुद्धा आणलेलं नाही. वरातीमागून घोडं, तेही पॅक केलेलं.”

काकूंच्या बोलण्यात निम्मं ज्ञान असतं आणि निम्म्या चहाड्या, आणि दोन्ही सारख्याच खात्रीच्या. ज्ञान येतं कुठून तेही सांगायला हवं. सत्तरच्या दशकात काकू म्हैसूरला सीएफटीआरआयमध्ये अन्नतंत्रज्ञान शिकल्या, मग इथे एका प्रयोगशाळेत जन्मभर डबाबंद पदार्थ तपासत बसल्या. त्यामुळे कुठलंही पाकीट हाती आलं की त्या आधी उलटं करून मागचं वाचतात. लग्नाची पत्रिकासुद्धा.

“केवढ्याला पडले?”

“दोन्ही मिळून तीनशे वीस डॉलर.”

“तीनशे वीस! चोवीस जेवणं ना? म्हणजे ताटाला तेरा डॉलरच्या वर गेले. एवढ्यात राजस्थानी थाळी येते, वर ताक फुकट. घेतले कुठून?”

“आठवडी बाजारात कोणीतरी विकत होता. अगदी ताजा माल आहे म्हणाला.”

“ताजा? आण बघू एक खोका इकडे.”

मी गराजमधून एक खोका उचलून आणला नि फळ्यांच्या फटीतून पलीकडे सरकवला. काकूंनी चष्मा डोक्यावरून नाकावर घेतला.

“हे बघ. इथे चार आकडे आहेत. ९२१४. यात तारीख आहे, पण लपवलेली. पहिला आकडा वर्षाचा शेवटचा आकडा, पुढचे तीन म्हणजे त्या वर्षातला कितवा दिवस. नऊ म्हणजे दोन हजार एकोणीस, आणि दोनशे चौदावा दिवस म्हणजे…” काकूंनी बोटांची पेरं मोजली, “३१ जुलैला दोनशे बारा होतात, म्हणजे २ ऑगस्ट. २ ऑगस्ट २०१९ला हे बांधलं.”

“पण नऊ म्हणजे २००९ कशावरून नाही?”

मला वाटलं, काकूंना पकडलं. काकू हसल्या. “हुशार आहेस. खोक्यावर ‘बी’ लिहिलंय. सैन्याचे एकूण चोवीस मेनू असतात. एक ते बारा ‘ए’ खोक्यात, तेरा ते चोवीस ‘बी’मध्ये. यात तेवीस नंबरला पेपरोनी पिझ्झा आहे बघ. तीन वर्षं टिकणारा पिझ्झा करायला त्यांच्या नॅटिकच्या प्रयोगशाळेनं वर्षानुवर्षं डोकं आपटलं. पावात ओल, टोमॅटोत आंबटपणा, चीजमध्ये स्निग्धांश. एकाचं दुसऱ्याशी जमेना. तो पाकिटात आला २०१८ साली. तेव्हा हा खोका २००९चा असूच शकत नाही. एकोणीसचाच. आज सहा वर्षं होत आली. ताजा म्हणे!”

“पण काकू, हे वीस-पंचवीस वर्षं टिकतं असं भाऊजी म्हणाले.”

“भाऊजी काय म्हणाले ते राहू दे, कागद काय म्हणतो ते ऐक. ऐंशी डिग्री फॅरेनहाइटला, म्हणजे आपल्या सत्तावीस सेल्सिअसला, किमान तीन वर्षं टिकलं पाहिजे आणि शंभर डिग्रीला किमान सहा महिने, अशा हिशेबानं सैन्य ते करून घेतं. तीन वर्षं झाली की दुसऱ्या दिवशी विष होतं असं नाही. थंड जागेत जास्त टिकतं. पण उन्हात? तुमच्या गराजमध्ये ऑगस्टच्या दुपारी पाय ठेवून बघ. खोके आहेत कुठे सध्या?”

“गराजमध्येच.”

“वॉटर हीटरच्या शेजारी?”

मी काही बोलले नाही. पुढे काकूंनी जे दाखवलं ते मात्र मी नीट बघितलं. खोक्याच्या बाजूला रुपयाएवढं एक गोल चिकटवलेलं होतं. बाहेर गडद कडं, आत एक ठिपका. माल नवा असताना आतला ठिपका फिका असतो. उष्णता जितकी लागेल, दिवस जितके जातील, तसतसा तो काळवंडत जातो, आणि कड्यापेक्षा गडद झाला की माल बाजूला काढून तपासायचा. तारखेला फसवता येतं, या ठिपक्याला नाही. आमच्या खोक्यावरचा ठिपका कड्यापेक्षा गडद होता. उगीच संशयाला जागा नको म्हणून मी दुसराही खोका आणून पाहिला. तोही तसाच.

“म्हणजे हे आपल्या आधी कुणाच्या तरी गराजमध्ये उन्हाळे काढून आलंय,” मी म्हणाले.

“नाहीतर कुणाच्या ट्रकमध्ये. आणि हे खाली काय छापलंय वाच. सरकारची मालमत्ता, व्यापारी विक्री बेकायदा. म्हणजे हा माल सैन्याच्या गोदामातून बाहेर आलाच कसा? २००६ साली सरकारच्याच हिशेबतपासनिसांनी इबेवर विकल्या जाणाऱ्या असल्या पाकिटांची चौकशी केली होती. करदात्यांच्या पैशाचं जेवण, शिपायाच्या हातात जायचं ते बाजारात आलं. तुझा नवरा मोठ्या अभिमानानं ‘अस्सल मिलिटरीचं’ म्हणून घेऊन आला ना? अस्सल आहे, हीच तर अडचण आहे. ज्या दोन-तीन कंपन्या सैन्याला हे पुरवतात त्याच लोकांसाठी वेगळी पाकिटं काढतात. जवळजवळ तसंच जेवण, त्यावर माणसाला वाचता येईल अशी तारीख, आणि कुणाच्या तोंडचं काढून आणलेलं नाही.”

एवढ्यात सासूबाई तुळशीला पाणी घालायला बाहेर आल्या. खोका बघून विचारलं, “बोहारीण आली का?” मी म्हटलं, “नाही आई, जेवण आहे.” त्यांनी जवळ येऊन यादी वाचायला लावली. पोर्क सॉसेज, बीफ रॅव्हिओली, बीफ पॅटी… तिसऱ्या ‘बीफ’ला त्या तांब्या घेऊन आत गेल्या.

“बारांत शाकाहारी किती?” काकूंनी विचारलं.

“दोन. टॉर्टेलिनी आणि पालकाचा कुठलासा पास्ता.”

“दोनच असतात. चोवीसांत चार, खोक्यात दोन. म्हणजे तुझ्या सासूबाईंच्या वाट्याला तीनशे वीस डॉलरमध्ये चार वेळचं जेवण. हे आधी विचारलं का कोणी? आणि अगं, बीफवरून आठवलं. २००५ साली न्यू ऑर्लिन्सला कॅटरिना वादळ आलं तेव्हा ब्रिटननं आपल्या फौजेची लाखो जेवणं विमानानं मदत म्हणून पाठवली. ती इथल्या शेतीखात्यानं अडवली. का, तर त्यांत ब्रिटिश गोमांस, आणि मॅड काऊच्या रोगामुळे त्यावर बंदी. लोकांना जेवण हवं नि ते अर्कान्सासच्या गोदामात कुलूपबंद. सासूबाईंना सांग, अमेरिकन सरकारनंही बीफ नाकारलं होतं.”

“पण मग शाकाहारी लोकांनी करायचं काय?”

“त्यांच्यासाठी दुसरं पाकीट आहे. एचडीआर म्हणतात, १९९३ साली बोस्नियाच्या युद्धाच्या वेळी काढलं. विमानातून टाकायला. धर्म कुठला ते ठाऊक नाही, पंगतीला कोण बसणार माहीत नाही, म्हणून त्यात मांसमच्छी घालायचीच नाही असं ठरवलं. डाळ, घेवडा, भात असलंच. आणि एका पाकिटात एका माणसाचं दिवसभराचं, बावीसशे उष्मांकांचं खाणं. आपल्या घरात चालणारं फौजी जेवण असेल तर ते. पण ते सहसा विकत मिळत नाही, ते वाटायचं असतं. त्याची एक गोष्ट ऐकवते आणि अंगावर काटा येतो बघ. २००१ साली अफगाणिस्तानात ही पाकिटं टाकली ती पिवळ्या रंगाची. आणि क्लस्टर बॉम्बमधले छोटे बॉम्बही पिवळेच. पोरं जेवण म्हणून काय उचलायला जातील, विचार कर. लक्षात आल्यावर मग रेडिओवरून लोकांना सावध केलं आणि पाकिटाचा रंग बदलून गुलाबीसर केला.”

काकू क्षणभर गप्प बसल्या, ही गोष्ट घडणं आमच्या आळीत दुर्मिळच. मग म्हणाल्या, “फोड एक.”

“खायचंय?”

“छे! ठिपका काळा पडलाय, तोंडात घालायचं नाही. पण आतलं काय असतं ते बघून तरी ठेव.”

मी टॉर्टेलिनीचं पाकीट फोडलं. फोडलं म्हणजे काय, दातांनी झालं नाही, कात्री आणावी लागली. जाड प्लास्टिकची पिशवी, आत पुठ्ठ्याच्या चपट्या खोक्यात मुख्य पदार्थाचं पाकीट, मग बिस्किटं, त्यावर लावायला पीनट बटर, केकसारखं काहीतरी, सरबताची पूड, लांब दांड्याचा चमचा. एका छोट्या पिशवीत मीठ, कॉफी, काड्यापेटी, च्युइंग गम, ओला रुमाल आणि घडी घातलेला टॉयलेट पेपर. हे सगळं कुंपणाच्या आडव्या पट्टीवर ओळीनं मांडलं तेव्हा हा हिशेब ज्यानं केला त्याच्याबद्दल मला थोडा आदर वाटला. सगळं मिळून साडेबाराशेच्या आसपास उष्मांक, आणि पाणी सोडलं तर बाहेरून काही म्हणजे काही लागत नाही.

“आता ही हिरवट पिशवी बघ. ही यातली खरी करामत,” काकू म्हणाल्या. “हिच्या तळाशी पातळ चकतीसारखं आहे ना, त्यात मॅग्नेशियमची पूड, थोडं लोखंड आणि मीठ. जेवणाचं पाकीट आत सरकव, रेघेपर्यंत पाणी घाल, पुठ्ठ्याच्या खोक्यात घाल आणि तिरकं टेकवून ठेव.”

पुठ्ठ्यावर चित्रच होतं. खोकं तिरकं टेकवलेलं, आणि ज्याला टेकवलंय त्यावर लिहिलेलं: ‘दगड किंवा असंच काहीतरी’. एवढ्या काटेकोर कारभारात हे एवढंच वाक्य मोकळेपणानं लिहिलेलं दिसलं. अमेरिकन शिपायांत ते विनोद होऊन बसलंय म्हणे. आम्ही कुंपणाच्या शाबूत फळीला टेकवलं. मिनिटभरात पिशवी फुगली, आत खदखद सुरू झाली, ओल्या लोखंडासारखा वास आला आणि तोंडातून वाफ निघायला लागली. हात लावून पाहिला तर चटकाच बसला. ना गॅस, ना वीज, ना काडी. दहा-बारा मिनिटांत आतलं पाकीट पुरतं तापलं होतं.

“हे मात्र घरात करायचं नाही हं,” काकूंनी बजावलं. “ती वाफ दिसते, पण तिच्याबरोबर हायड्रोजन सुटतो. वीज गेली म्हणून मेणबत्त्या लावून, दारं-खिडक्या लावून, पाच जणांची पाच पाकिटं एका टेबलावर तापवली तर पेट घेऊ शकतो. तुझ्या सासूबाईंची उदबत्तीही नको जवळ. ओट्यावर नाही, अंगणात.”

“तुम्ही खाल्लंय का कधी हे?”

“२००८ला आइक वादळ आलं तेव्हा. आठवडाभर वीज नव्हती. सरकारनं ठिकठिकाणी बर्फ, पाणी आणि ही पाकिटं वाटली. गाडीतून उतरायचं नाही, डिकी उघडायची, पोरं आत टाकणार. आमचे हे अभिमानानं ‘व्हेज आहे, व्हेज आहे’ करत एक घेऊन आले. चीज नि भाज्यांचं ऑम्लेट. बाई गं! रंग पिवळट, पोत स्पंजाचा, वास ओल्या पुठ्ठ्याचा. मला वाटलं आपलंच नशीब. मग कळलं की शिपाई त्याला व्हॉमलेट म्हणायचे आणि पैज हरलेल्याला खायला लावायचे. पुढच्याच वर्षा-दोन वर्षांत सैन्यानं ते यादीतून काढून टाकलं. तरी यांनी संपवलं. टाकायचं नाही, हा देशस्थी बाणा.”

“सगळीच तसली असतात?”

“नाही गं. खोटं कशाला बोलू. मिरचीचं चीज चांगलं असतं, शिपाई त्यासाठी अदलाबदल करतात. चिली-मॅकरोनीला तर मागणी. पण हे बनवलंय कोणासाठी ते बघ. वीस-बावीस वर्षांचा गडी, पाठीवर ओझं, दिवसभर चाल. त्याला मीठ लागतं, साखर लागते, चरबी लागते. तुझे सासरे काय करणार वादळात? सोफ्यावर बसून बातम्या बघणार. त्यांना रक्तदाब, सासूबाईंना साखर. आणि दुसरी गोष्ट, तू घरातली म्हणून सांगते…” काकूंनी आवाज खाली आणला, म्हणजे आता तो फक्त चार घरांपर्यंत जात होता. “यात चोथा कमी. पोट धरतं. खुद्द सैन्यच सांगतं, सलग एकवीस दिवसांपेक्षा जास्त यावरच राहू नका. आपल्याकडची माणसं तिसऱ्या दिवशी इसबगोल मागतील. आणि तेव्हा नळाला पाणी नसेल!”

मला हसू आवरेना. पण काकू हसत नव्हत्या.

“मग घ्यायचंच नाही का?”

“असं कुठे म्हणाले? २००५चं रिटा वादळ तू पाहिलं नाहीस. कॅटरिना होऊन महिनाही झाला नव्हता, सगळे घाबरलेले. ह्यूस्टन रिकामं करा म्हणाले आणि लाखो लोक एकदम रस्त्यावर आले. आम्ही सॅन अँटोनियोकडे निघालो. तीन तासांची वाट. दुपार, संध्याकाळ, रात्र. गाड्या जागच्या जागी. पेट्रोल संपलेल्या गाड्या कडेला, एसी बंद, माणसं डांबरावर बसलेली. मी दहीभात घेतला होता, तो दुपारपर्यंत आंबला. थालीपिठं टिकली. शेजारच्या गाडीत दोन लहान मुलं, त्यांच्याकडे नुसती चिप्सची पाकिटं. तसल्या वेळी हे पाकीट म्हणजे सोनं आहे. शिजवायला नको, भांडं नको, शंभर डिग्रीत एका दिवसात नासत नाही. म्हणून घर सोडून पळायच्या पिशवीत माणशी एक-दोन पाकिटं ठेव. तारीख बघून, लोकांसाठी काढलेली, आपल्याला चालतील अशी निवडून. आणि ती पिशवी आत, गार कपाटात. गाडीच्या डिकीत कायमची नको, तिथे पाकिटं सहा महिन्यांत म्हातारी होतात. पण घरात बसून काढायच्या चार दिवसांसाठी खोके?”

“नको?”

“अगं, हे पाकीट म्हणजे आहे काय? प्लास्टिकच्या थरांत ॲल्युमिनियमची झिल्ली, आत पदार्थ भरायचा, सील करायचं, नि दाबाखाली १२१ सेल्सिअसला शिजवायचं. रिटॉर्ट. मी म्हैसूरला होते तेव्हा आमच्याच गावात संरक्षण खात्याची अन्न-प्रयोगशाळा होती, डीएफआरएल, १९६१ सालची. तिथे आपल्या जवानांसाठी पुलाव, सुजीचा हलवा, टिकणाऱ्या चपात्या हेच काम चालायचं. पुढे एमटीआरनं तिथलंच तंत्र घेतलं. आणि तू कॉस्टकोतून ती मसूर-राजम्याची पाकिटं आणतेस ना, टेस्टी बाइटची? मागे वाच कुठे बनलंय. दौंड तालुका, भांडगाव. पुण्याच्या बाजूचं! तेच रिटॉर्ट, तेच झिल्लीचं पाकीट, वर्ष-दीड वर्ष टिकतं, गरम न करताही खाता येतं, सासूबाई खातात, सगळेच खातात. काखेत कळसा आणि आठवडी बाजाराला वळसा!”

हे खरं सांगायचं तर मला त्याआधी कधी सुचलं नव्हतं. आपल्याकडची ती पाकिटं म्हणजे आळशी बुधवारचं जेवण, आणि खाकी रंगातलं ते आणीबाणीचं, असं डोक्यात पक्कं बसलेलं. माझ्या मते सगळी जादू त्या खाकी रंगाची आहे. रंग बदलला की नवरे तीनशे डॉलर मोजतात. तेच पाकीट पिवळ्या रंगात, त्यावर वाटीभर डाळीचं चित्र असेल, तर ‘घरी करता येत नाही का?’ असं विचारतात.

“शिवाय पोहे,” काकू सुरू राहिल्या. “पोहे म्हणजे शिजून, चेपून, वाळून आलेलं धान्य. नुसत्या पाण्यात भिजव, मीठ, साखर, लिंबू, वर मेतकूट. चूल नको. सातूचं पीठ घे, गूळ-पाणी घालून कालव, झालं. चुरमुरे, फुटाणे, दाण्याचे लाडू. आपल्या आज्या वैशाखात पापड-कुरडयांची वाळवणं घालायच्या, पावसाळ्याची बेगमी करायच्या, त्यात एक गोष्ट फार शहाणपणाची होती. जे साठवायचं तेच वर्षभर खायचं. डबा रिकामा होत जायचा नि पुन्हा भरायचा. शिळं राहायला त्याला वेळच नव्हता. तुझे हे खोके पाच वर्षं पलंगाखाली राहतील आणि सहाव्या वर्षी घर विकताना सापडतील.”

“पण पोह्यांना इथे दमटपणानं कीड लागते.”

“लागणारच, पिशवीला रबर लावून ठेवलंस तर. घट्ट झाकणाचे डबे घे. थोडं थोडं आण, जुनं आधी संपव. आणि हो, बाहेरचा कॅम्पिंगचा स्टोव्ह असेल तर बाहेरच वापर. २०२१च्या त्या गारठ्यात लोकांनी घरात कोळशाच्या शेगड्या पेटवल्या, गराजमध्ये जनरेटर लावले. कार्बन मोनॉक्साइडनं झोपेतच गेली माणसं. उपाशी कोणी गेल्याचं ऐकलं नाही मी.”

मग काकूंनी तो प्रश्न विचारला, ज्याचं उत्तर आमच्या घरात कोणाकडे नव्हतं.

“पाणी किती आहे साठवलेलं?”

“फ्रिजमध्ये बाटल्या आहेत चार-पाच.”

“चार-पाच बाटल्या! तीनशे वीस डॉलरचं जेवण आणि चार बाटल्या पाणी. त्या गारठ्यात पाइप फुटले, आठवतं ना, नळाला पाणी नाही आणि जे आलं ते उकळून प्या म्हणाले. वीज नाही तर उकळणार कशावर? या फौजी पाकिटातलं सरबत कालवायला पाणी, ती तापवायची पिशवी चालायला पाणी, आणि एवढं मीठ खाल्ल्यावर प्यायला दुप्पट पाणी. ते आधी.”

संध्याकाळी नवऱ्याला ठिपका दाखवला. त्यानं मोबाइलचा टॉर्च मारून वेगवेगळ्या कोनांतून पाहिला, मग ‘आपल्याकडचा उजेडच पिवळा आहे’ म्हणाला, मग गप्प बसला. खोके परत करायला गेला तर त्या जागी आता उशा विकणारा बसला होता. कोपऱ्यावरच्या भाऊजींना सांगायची जबाबदारी त्यानं माझ्यावर टाकली आणि मी काकूंवर. काकूंनी ती आनंदानं घेतली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अख्ख्या आळीला ती चार आकड्यांत लपलेली तारीख वाचता येत होती, आणि भाऊजींच्या सहापैकी एकाच खोक्यावरचा ठिपका फिका निघाल्याची बातमी मला माझ्याच सासूबाईंकडून कळली.

तुमच्याकडेही असा खोका आला असेल तर आधी तो गराजमधून काढा, चार आकडे वाचा, ठिपका बघा. पण त्याच्याही आधी पाणी भरा. माणशी रोज एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर, हे इथलं सरकारी माप आहे. आमच्या घरात माणसं पाच. वादळात चार दिवस धरले तर वीस गॅलन होतात, आणि ते सगळे मिळून एका फौजी जेवणाच्या किमतीच्या दुपटीतही येतात.